दगडाला उजेडाचं भय नाही

आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांच्या दारावरची पाटी एकाच साच्यातून काढलेली असते. सकाळी दहा-साडेदहा ते सायंकाळी पाच-साडेपाच, सोमवारी बंद. या वेळात मोकळं कोण असतं? सहलीला आलेली शाळकरी मुलं, परगावचे पाहुणे आणि पेन्शनर. खामगावच्या जिनिंगमधला कामगार, मलकापूरच्या बाजार समितीतला हमाल, चिखलीत कापडाचं दुकान सांभाळणारी बाई, मेहकर तालुक्यात सोयाबीन सोंगायला गेलेलं जोडपं, यांचा दिवस सुटतो तेव्हा संग्रहालयाचा शिपाई कुलूप लावत असतो. रविवार आहे म्हणावं, तर शेतीला आणि दुकानाला रविवार कुठला?

ही अडचण जुनी आहे. तिच्यावरचा पहिला मोठा तोडगा लंडनमध्ये १८५७ साली निघाला. त्या वर्षी जूनमध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियम उघडलं. आज त्यालाच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात. त्याचा कर्ताधर्ता हेन्री कोल हा सरकारी अधिकारी मोठा खटपट्या माणूस होता. दिवसभर राबणाऱ्याला चित्रं पाहायची तर ती रात्रीच दाखवली पाहिजेत, हे त्याने ओळखलं आणि दालनांत गॅसचे दिवे बसवले. आठवड्यातले काही दिवस संग्रहालय रात्री दहापर्यंत उघडं राहू लागलं. संध्याकाळी बायकामुलांना घेऊन चित्रं पाहायला येणारा कामगार दारूच्या गुत्त्याकडे वळणार नाही, असाही कोलचा हिशेब होता. यात थोडा साहेबी उपदेश आहे, पण दार उघडं ठेवलं हे महत्त्वाचं.

चित्रकारांनी लगेच ओरड केली. गॅस जळताना उष्णता निघते, वाफ निघते, गंधकाचे आम्लधर्मी वायू निघतात. ते चित्रांना खाऊन टाकतील, अशी त्यांची भीती होती. ती निराधार नव्हती. गॅसच्या दिव्यांखालच्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या चामडी बांधण्यांचा भुगा झालेला लोकांनी पाहिला होता. मग १८५९ मध्ये एक समिती नेमली गेली आणि तीत मायकेल फॅरडे आणि जॉन टिंडल यांच्यासारखे त्या काळचे पहिल्या फळीचे शास्त्रज्ञ बसले. हवा नीट खेळती ठेवली तर गॅसच्या उजेडात चित्रं दाखवायला हरकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ब्रिटिश म्युझियमने मात्र आगीच्या भीतीने गॅस आत येऊच दिला नाही. तिथली दालनं संध्याकाळी उघडायला विजेच्या दिव्यांची आणि १८९० सालाची वाट पाहावी लागली.

या साउथ केन्सिंग्टनशी आपल्या भागाचं एक दुखरं नातं आहे. बुलढाणा शहर ज्या अजिंठा डोंगररांगेवर वसलं आहे, तिच्याच एका घळीत अजिंठ्याची लेणी आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत अनेक हंगाम तिथे मुक्काम करून भिंतींवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या प्रती केल्या. प्रती लंडनला, याच संग्रहालयाकडे गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी मेजर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत गेल्या होत्या. मूळ चित्रं अंधाऱ्या लेण्यांत दीड हजार वर्षं टिकून होती. प्रती प्रकाशात आणि सुरक्षित म्हणून नेल्या, त्या वीस-पंचवीस वर्षंही धड राहिल्या नाहीत.

अंधारानेच चित्रं जपली, यात काव्य वगैरे काही नाही. ते सरळ रसायनशास्त्र आहे. प्रकाशाची ऊर्जा रंगद्रव्यातले, कागदातले, कापडातले रासायनिक बंध तोडते. नुसती अतिनील किरणं गाळून भागत नाही, दिसणारा उजेडही काम करतच राहतो. उजेड मोजायचं एकक लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स असतात. जलरंग, कागद, रेशीम, पैठणी अशा नाजूक वस्तूंवर ५० लक्सहून जास्त उजेड पडू नये, तैलचित्रांवर १५० ते २०० च्या पुढे जाऊ नये, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण नियम आहे. आणि हे नुकसान साठत जातं. आज थोडं, उद्या थोडं, पण वजा कधीच होत नाही.

हिशेब करून पाहू. ५० लक्स, रोज ८ तास, वर्षातले ३०० दिवस, म्हणजे १ लाख २० हजार लक्स-तास. तेवढाच मार दुपारच्या उन्हात फक्त सव्वा तासात बसतो. आता समजा संग्रहालयाने आठवड्यातून एक दिवस दार तीन तास जास्त उघडं ठेवलं. वर्षाच्या पन्नास आठवड्यांत साडेसात हजार लक्स-तासांची भर पडली. मूळच्या आकड्यावर सहा टक्क्यांहून थोडी जास्त. फार नाही, पण ज्याला पुढच्या दोनशे वर्षांचा विचार करायचा आहे तो अभिरक्षक हेही टिपून ठेवतो. म्हणून परदेशी संग्रहालयांत माणूस जवळ आला की उजळणारे आणि तो गेला की मंदावणारे दिवे असतात, आणि कागदावरची चित्रं काही महिने दाखवून पुन्हा अंधाऱ्या कपाटात विश्रांतीला जातात. उशिरापर्यंतची वेळ तिथे आता रूढ झाली आहे. पॅरिसचं लुव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन शुक्रवारी आणि शनिवारी नऊपर्यंत, कोलचं संग्रहालय शुक्रवारी अजूनही दहापर्यंत उघडं असतं. बर्लिनने १९९७ मध्ये एका रात्रीत शहरातली अनेक संग्रहालयं मध्यरात्रीपलीकडे उघडी ठेवायची टूम काढली आणि ती युरोपभर पसरली. आपल्याकडे मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी सातपर्यंत चालू असते, म्हणून ऑफिस सुटलेला माणूस लोकल पकडण्याआधी तिथे डोकावू शकतो.

संध्याकाळी चित्रं वेगळी दिसतात, असं नेहमी येणारे लोक सांगतात. बऱ्याचदा तो मनाचा खेळ म्हणून सोडून दिला जातो, पण त्यात डोळ्याचाही हात आहे. वैशाखात दुपारी रस्त्यावरून येऊन तुम्ही ५० लक्सच्या दालनात शिरलात, तर उजेड एका पावलात दोन हजार पटींनी उतरतो. रंग पाहणाऱ्या शंकुपेशी सावरायला काही मिनिटं घेतात आणि अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो. तोवर चित्र काळवंडलेलं, मळकट वाटतं आणि माणूस पुढे सरकतो. संध्याकाळी सातला येणाऱ्याचा डोळा बाहेरच अर्धाअधिक सरावलेला असतो, त्यामुळे तेच दालन त्याला पुरेसं उजळ वाटतं. चित्रावरचा एक लक्सही बदललेला नसतो.

मंद उजेडात चित्र कसं फुलतं, याचं मराठी माणसाने दिलेलं उदाहरण म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४० च्या दशकात काढलेलं, हातात समई घेतलेल्या स्त्रीचं ते जलरंगचित्र. ज्योतीवर तिने आडवा हात धरला आहे आणि बोटांमधून लालसर प्रकाश झिरपतो आहे. त्यांची मुलगी गीता ही त्या चित्राची मॉडेल. अनेक जण हे चित्र राजा रविवर्म्याचं समजतात, ही हळदणकरांवर झालेल्या जुन्या अन्यायाची गोष्ट. ते मुद्दाम अंधाऱ्या जागी ठेवतात. जलरंग असल्याने त्याला कमी उजेडच मानवतो आणि चित्रातली ज्योत पेटल्यासारखी दिसायलाही भोवती अंधारच लागतो. जतन आणि शोभा या दोन्ही गोष्टी एकाच अंधारात साधल्या आहेत.

बुलढाणा जिल्ह्यात लुव्र नाही आणि जगनमोहन पॅलेसही नाही. इथली कला दगडात आहे, आणि गंमत अशी की वर केलेला लक्स-तासांचा सगळा जमाखर्च दगडाला लागूच होत नाही. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, उजेडाने विटत नाही. पाऊस, मीठ, शेवाळ, वटवाघळांची विष्ठा, शेंदराचे थर आणि माणसांचे तेलकट हात हे त्याचे शत्रू. संध्याकाळी दार उघडं ठेवायला जगातल्या चित्रसंग्रहालयांना जी किंमत मोजावी लागते, ती या जिल्ह्याला जवळजवळ माफ आहे. असं असून इथली पाहण्याजोगी शिल्पं संध्याकाळनंतर दिसत नाहीत, कारण केंद्राच्या संरक्षित स्मारकांचा सर्वसाधारण नियम सूर्योदय ते सूर्यास्त असा आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाण्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीला सातच्या पुढे. म्हणजे कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, जेव्हा माणसाला सवड सर्वात उशिरा मिळते, तेव्हा स्मारक सर्वात लवकर बंद होतं.

लोणारला लोक येतात ते उल्केच्या आघाताने झालेल्या विवरासाठी. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारं पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा जगभर बातमी झाली आणि त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेलं. पण गावात उभं असलेलं दैत्यसूदनाचं मंदिर पाहायला बरेच जण दहा मिनिटांपेक्षा जास्त देत नाहीत. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे मंदिर चालुक्य-यादव काळातलं. हेन्री कझिन्सने १९३१ च्या आपल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. मंदिराचा आराखडा तारकाकृती आहे. भिंत सरळ न जाता कोनाकोनाने आत-बाहेर वळते, त्यामुळे तिला अनेक अरुंद उभे पृष्ठभाग मिळतात.

दुपारी बाराला ही भिंत पाहिली तर ऊन वरून कोसळतं. मूर्तीचे डोळे, ओठ, गळ्यातले हार छज्ज्याच्या सावलीत किंवा सपाट झगझगाटात हरवतात. सूर्य उतरला की किरण भिंतीला जवळजवळ घासून जातात. मग दोरीएवढ्या उठावालाही लांब सावली पडते. एक कोन उजळतो, शेजारचा काळोखात जातो, आणि ज्याला आपण दुपारी झीज समजलो तो मेखलेचा गोंडा निघतो. शिलालेख वाचणारे अभ्यासक हेच तंत्र मुद्दाम वापरतात; पुसट अक्षरांवर एका बाजूने तिरपा दिवा धरला की खोदीव रेषा सावलीने भरून वर येतात. शिल्पासाठी दिवसातला उत्तम उजेड मावळतीचा, आणि नेमका तेव्हा रखवालदार शिट्टी वाजवतो.

आत गेलात तर संध्याकाळ काय आणि दुपार काय, काळोख तोच. मंडपाच्या छतावर पुराणकथांची बारीक शिल्पं आहेत, आणि तिथे पाहण्याची रीत सांगायलाच हवी. मोबाइलचा फ्लॅश मारू नका. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे सगळ्या सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि फोटोत शिल्पाची पापडासारखी चकती होते. दोघं जा. एकाने बॅटरी घेऊन चार पावलं बाजूला उभं राहावं आणि झोत छताला तिरका लावावा; दुसऱ्याने खालून पाहावं. मग बॅटरी हळूहळू फिरवावी. दगडातल्या माणसांची मनगटं वळायला लागतात.

हे तंत्र आपल्याला काही नवं नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरात जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरात मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात; एके दिवशी पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. ज्यांनी हे बांधलं त्यांनी संध्याकाळच्या प्रकाशाचा कोन मोजून ठेवला होता, याला यापेक्षा मोठा पुरावा नको. आणि रोजचा पुरावा म्हणजे आरती. मेहकरला शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून मिळाली. काळ्या दगडातली, सुमारे अकरा फूट उंच, प्रभावळीत दशावतार कोरलेली विष्णुमूर्ती. ट्यूबलाइटच्या सरसकट उजेडात तिचा घोटीव दगड एकसारखा चकाकतो आणि बारीक काम त्या चकाकीत बुडतं. निरांजन वर-खाली, डावी-उजवीकडे फिरतं तेव्हा चकाकीचा ठिपका अंगावरून सरकत जातो आणि त्याच्या मागोमाग एकेक अवतार उमटतो. पुजारी त्याला प्रकाशयोजना म्हणणार नाहीत. ते सेवा म्हणतील आणि त्यांचं बरोबरच आहे. पण कलेच्या अंगाने पाहायचं तर जिल्ह्यातलं सर्वात चांगलं सायंकाळचं दालन ते आहे. दार उघडं, तिकीट नाही, आणि शेतावरून परतलेला माणूस हात-पाय धुऊन तिथे पोचू शकतो.

आता सिंदखेडराजाचं. लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या जतनाचं काम चालू असताना २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला एका मंदिराचा पाया लागला आणि जूनमध्ये सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती सापडली. लांबी १.७ मीटर, उंची सुमारे एक मीटर. ती आपल्या काळ्या पाषाणाची नाही. क्लोराइट शिस्ट नावाच्या मऊसर दगडाची आहे, ज्यात दक्षिणेकडचे शिल्पी काम करत. दगड मऊ असल्याने कोरीवकाम दागिन्याइतकं बारीक आहे. शेषाच्या वेटोळ्यावर विष्णू पहुडलेला, लक्ष्मी पाय चेपते आहे आणि खालच्या पट्टीत समुद्रमंथन, त्यात अश्व आणि ऐरावतही. मूर्ती नागपूरला न्यायची की गावातच ठेवायची, यावरून तेव्हा बरीच चर्चा झाली.

मला त्या वादात वेळेचा मुद्दा कुणी काढलेला आठवत नाही, आणि माझ्या मते तोच कळीचा आहे. मूर्ती नागपुरात ठेवा नाहीतर सिंदखेडराजात. ती दहा ते साडेपाच दाखवली तर जिच्या गावात ती सापडली त्या मजुरीच्या बाईला दोन्ही ठिकाणं सारखीच लांब आहेत. एवढी बारीक नक्षी दोन तिरप्या दिव्यांखाली संध्याकाळी जशी दिसेल तशी खिडकीच्या उजेडात दिसणार नाही, आणि दगड असल्यामुळे त्या दिव्यांनी तिचं काही बिघडणार नाही. खर्च आहे तो पहाऱ्याचा आणि विजेच्या बिलाचा.

सरकारच्या नियमात हे बसत नाही असंही नाही. २०१९ च्या जुलैमध्ये केंद्राने देशातली दहा स्मारकं रात्री नऊपर्यंत उघडी ठेवण्याचं जाहीर केलं. त्या यादीत दिल्लीची हुमायूनची कबर होती, पाटणची राणी की वाव होती, विजापूरचा गोल घुमट होता आणि महाराष्ट्रातून एकच नाव होतं, तेही विदर्भातलं. गडचिरोलीत वैनगंगेच्या काठी असलेला मार्कंडा मंदिरसमूह. ताजमहाल तर २००४ पासून पौर्णिमेच्या आगेमागे पाच रात्री, पन्नासपन्नासच्या तुकड्यांनी अर्धा-अर्धा तास दाखवतात. गडचिरोलीच्या टोकाला जे सुचू शकतं ते लोणारच्या गावठाणात का सुचू नये?

एक कुंपण मात्र घालायला हवं. लोणारच्या विवरात उतारावर आणि तळाशीही जुनी मंदिरं आहेत आणि त्यांना रोषणाई करण्याचा मोह कुणाला ना कुणाला होईल. ते होऊ नये. विवर अभयारण्य आहे. तिथली रात्र प्राण्यापाखरांची आहे. ओल्या दगडावर कायमचा दिवा लावला की त्याच्या उजेडात शेवाळ धरतं आणि दिव्याभोवतीच्या किड्यांसाठी पाली नि वटवाघळं मुक्कामाला येतात. रंगीत फोकस तर कुठेच नकोत, गावातल्या मंदिरावरही नकोत. निळ्या-जांभळ्या झोताने दैत्यसूदन लग्नाच्या मांडवासारखा दिसेल. पिवळसर, मंद, खालून नव्हे तर बाजूने येणारा आणि पाहणारा गेला की विझणारा दिवा पुरेसा आहे.

दिवस कोणता, हे ठरवताना पॅरिसकडे पाहायचं कारण नाही. शुक्रवार रात्र तिथल्या लोकांची. आपल्याकडे खेड्यातला माणूस आठवडी बाजाराच्या दिवशी गावात येतो, पिशवीत भाजी, तेल, मुलांची पुस्तकं भरून संध्याकाळच्या एसटीची वाट पाहत थांबतो. त्याच दिवशी आठपर्यंत दार उघडं हवं. सिंदखेडराजाला तर तारीखही ठरलेली आहे. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला राज्यभरातून लाखो लोक येतात, आणि अनेक जण आदल्या दिवशीच मुक्कामाला पोचतात. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. राजवाडा, समाधी, नीलकंठेश्वर आणि रामेश्वर सगळं चालण्याच्या अंतरावर आहे, माणसं तिथेच आहेत, आणि रात्री आठपर्यंत त्यांना दुसरं काही काम नाही.